चाळीस ग्रॅमची तोफ

नवं कोरं किट आणायचं, दोन महिने खपून जोडायचं, सुबक रंगवायचं आणि मग त्याच्यावर गंज, चिखल, धूळ, तेलाचे ओघळ असा सगळा अवतार स्वतःच्याच हाताने चढवायचा. छंदवाले याला ‘वेदरिंग’ म्हणतात. आमच्या घरात याला वेगळा शब्द आहे, तो इथे छापण्याजोगा नाही. सध्या माझ्या टेबलावर दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिशांची २५ पौंडी तोफ उभी आहे, मूळ मापाच्या पस्तिसाव्या हिश्शाची. ती जोडता जोडता, रंगवता रंगवता आणि मळवता मळवता जमलेल्या या गमतीजमती. चणे-फुटाण्यांसारख्या आहेत, कुठूनही मूठ भरा.

आधी काट्यावर ठेवू

मूळ तोफेचं वजन पावणेदोन टनांच्या आसपास. पस्तिसाव्या हिश्शाची केल्यावर भरेल का पन्नास किलो? अजिबात नाही. लांबी ३५ने भागायची, पण वजन भागायचं ३५ गुणिले ३५ गुणिले ३५, म्हणजे ४२,८७५ने. उत्तर येतं चाळीस ग्रॅमच्या आतबाहेर. भाजीवाल्याकडचं एक लिंबू! साडेचार मीटरहून लांब तोफ तेरा सेंटिमीटरची होते आणि ८७.६ मिलिमीटरचं नळीचं तोंड अडीच मिलिमीटरवर येतं. बॉलपेनची रिफिलही त्यात शिरायची नाही.

हाच हिशेब जर्मनांच्या ‘डोरा’ला लावून पाहा. १९४२ साली सेव्हास्तोपोलवर डागलेल्या या रेल्वे-तोफेचं वजन १,३५० टन, तिला चालायला शेजारीशेजारी दोन रूळमार्ग लागत. पस्तिसाव्या हिश्शातही ती सव्वा मीटरच्या पुढे जाते आणि मापात वजन धरलं तर एकतीस किलो भरते. या मापातलं तिचं किट खरोखर निघालं आहे. घेणाऱ्याने आधी घरच्यांना विचारावं, मग सुताराला.

पस्तीसच का?

तीस का नाही, चाळीस का नाही? एखाद्या समितीने बसून ठरवलं असेल, असं वाटतं ना? ठरवलं ते बॅटरीच्या सेलने. जपानमधल्या शिझुओका शहरातली तामिया कंपनी मूळची लाकूड-व्यवसायातली. १९६१ साली तिने जर्मन ‘पँथर’ रणगाड्याचं प्लास्टिकचं, मोटरवर चालणारं मॉडेल काढलं. पोटात मोटर आणि सेल मावायला हवेत, म्हणून रणगाडा तेवढ्या आकाराचा केला. नंतर मोजून पाहिलं, तर तो मूळच्या साधारण पस्तिसाव्या हिश्शाचा भरला. रणगाडा खपला, पुढचे त्याच मापात निघाले, मग इतर कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. आज लष्करी मॉडेलांच्या दुनियेत १:३५ हे जवळपास धर्मवचन आहे. त्याचा उगम मात्र सेलच्या खाचेत.

पहिली तोफ? छे, ट्रॅक्टर

ब्रिटनच्या एअरफिक्स कंपनीचं नाव काढलं की विमानं आणि रणगाडे डोळ्यांसमोर येतात. पण सुरुवातीला ही कंपनी रबरी खेळणी आणि कंगवे विकत होती. १९४९ साली तिने फर्ग्युसन ट्रॅक्टरची छोटी प्रतिकृती केली, तीही ट्रॅक्टर कंपनीच्या विक्रेत्यांनी गिऱ्हाइकाला दाखवावी म्हणून. जोडून द्यायला वेळ आणि पैसा फार जाऊ लागला, तेव्हा सुटे भागच विकायला काढले. ‘तुम्हीच जोडा’ या सोयीच्या विचाराने लाखो लोकांच्या संध्याकाळी खाल्ल्या.

पंचवीस पौंड कशाचे?

तोफेचे तर नव्हेतच. जुन्या ब्रिटिश रिवाजानुसार तोफेला तिच्या गोळ्याच्या वजनाचं नाव मिळे. २५ पौंड म्हणजे अकरा किलोंहून थोडं अधिक. ही तोफ भरताना गोळा आणि दारू वेगवेगळी जाई. आधी गोळा नळीत दाबायचा, मागून पितळी पुंगळी. पुंगळीत दारूच्या पिशव्या, लाल, पांढरी आणि निळी. जवळ मारा करायचा तर पिशवी काढायची, लांब करायचा तर ठेवायची. जास्तीत जास्त पल्ला सव्वाबारा किलोमीटर.

मॉडेलवाल्यासाठी ही माहिती सोन्याची. तोफेशेजारी रिकाम्या पुंगळ्यांचा ढीग मांडायचा, तर त्या पितळी हव्यात, आणि गोळे वेगळे रचलेले हवेत. गोळा आणि पुंगळी एकत्र जोडलेली, रायफलच्या गोळीसारखी दाखवलीत, तर जाणकार माणूस चहाचा कप खाली ठेवून तुमच्याकडे बघेल.

बुमराहचे पूर्वज

क्रिकेटमधला ‘गोलंदाज’ हा शब्द मैदानावर आला तो रणांगणावरून. गोळा टाकणारा तो गोलंदाज, म्हणजे तोफची. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात देशी तोफचींच्या तुकड्यांनाही हेच नाव होतं. भारतीय तोफखाना दरवर्षी २८ सप्टेंबरला ‘गनर्स डे’ साजरा करतो. १८२७ सालच्या त्या तारखेला ५ (बॉम्बे) माउंटन बॅटरी उभी राहिली होती. नावातली मुंबई आपलीच. आणि २५ पौंडी तोफ तर भारतीय लष्कराने स्वातंत्र्यानंतरही सोडली नाही. १९४७-४८, १९६५ आणि १९७१, तिन्ही लढायांत ती होती.

चिकटवत नाही, वितळवतो

प्लास्टिक मॉडेलचा ‘गोंद’ हा गोंद नसतोच. फेव्हिकॉल दोन वस्तूंच्या मध्ये बसून दोघांना धरून ठेवतो. मॉडेलचं सिमेंट म्हणजे विद्रावक. ते पॉलिस्टायरीनचा वरचा थर विरघळवतं, दोन्ही कडा एकमेकांत मिसळतात आणि विद्रावक उडून गेला की मागे एकजीव प्लास्टिक उरतं. थोडक्यात वेल्डिंग, फक्त ठिणग्या नाहीत. पातळ सिमेंट तर ब्रशने सांध्याला नुसतं टेकवायचं, ते आपोआप फटीत धावतं. दिव्याच्या वातीत तेल चढतं, तसंच.

एक इशारा. हार्डवेअरच्या दुकानातला कडक थिनरही प्लास्टिक विरघळवतो, पण तो थांबत नाही. माझ्या एका चाकाचा टायर त्यात अर्धा तास बुडाला आणि जिलबी होऊन बाहेर आला.

केस म्हणजे तार, ठसा म्हणजे शेत

पस्तीसने भागायची सवय लागली की उलटा गुणाकारही करून पाहावा. मग घाबरगुंडी उडते.

माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड. ओल्या रंगात तो अडकला, तर तोफेच्या दुनियेत अडीच मिलिमीटरची तार पडली. ब्रशने थापलेला रंगाचा थर ०.१ मिलिमीटर झाला, तर मूळ तोफेवर साडेतीन मिलिमीटर रंग चढला. रिव्हेट, स्क्रू सगळे गाडले गेले. म्हणूनच एअरब्रश आणि पातळ थर. अंगठ्याचा ठसा उमटला, तर ढालीवर, म्हणजे तोफचींना आडोसा देणाऱ्या पत्र्यावर, कुणी नांगर फिरवल्यासारखा दिसतो.

ढालीची तर वेगळीच कथा. खरा पत्रा पाच मिलिमीटरचा धरला, तर मॉडेलमध्ये तो ०.१४ मिलिमीटर हवा, म्हणजे जेमतेम जाड कागद. इतकं पातळ प्लास्टिक साच्यात नीट भरत नाही. किटमधली ढाल एक मिलिमीटरची आली, तर ती साडेतीन सेंटिमीटर जाड लोखंडाची झाली. इलाज लबाडीचा आहे: मागच्या बाजूने फक्त कडा घासून पातळ करायची. डोळा कडेवरून जाडी ठरवतो आणि बाकीच्या पत्र्यावर विश्वास ठेवतो.

नळीचं दुखणं

किटमधली नळी बहुधा दोन उभ्या फाकांत येते, शेंगेसारखी. जोडली की वर-खाली शिवण दिसते. ती पॉलिश पेपरने घासायची. पण जास्त घासली तर गोल नळी लंबगोल होते, कमी घासली तर रंग चढल्यावर शिवण पुन्हा डोकं वर काढते. हौशी मंडळी म्हणूनच लेथवर कातलेली अॅल्युमिनियमची नळी वेगळी विकत घेतात. कधीकधी ती किटच्या निम्म्या किमतीला पडते. घोड्यापेक्षा नाल महाग व्हायला थोडंच उरतं.

फरशी गिळते

मॉडेल करणाऱ्या प्रत्येकाच्या खोलीत एक अदृश्य प्राणी असतो. चिमट्यातून सुटलेला भाग टक् असा आवाज करतो आणि नाहीसा होतो. मी तोफेचं हातचाक असंच घालवलं. टॉर्च फरशीला समांतर धरली, म्हणजे लहानशा तुकड्याचीही लांब सावली पडते. मग मोज्याने कोपरे झाडले. सापडली तीन वर्षांपूर्वीची विमानाची खिडकी.

पण भाग जिच्यातून कापतो ती चौकट, म्हणजे स्प्रू, टाकून देऊ नये. तिचा तुकडा मेणबत्तीवर धरायचा, मऊ झाला की दोन्ही टोकं हळूहळू ओढायची. केसासारखी तार निघते. गंमत अशी की छेद चौकोनी असेल, तर तारही चौकोनीच निघते, फक्त बारीक. तिचं वेटोळं करून माझं हातचाक पुन्हा उभं राहिलं.

पेस्ट, पेट्रोल आणि सॉस

‘तोफेचा नेमका रंग कोणता?’ या प्रश्नावर मॉडेलवाल्यांची मैत्री तुटते. इतिहास मात्र या बाबतीत फारसा काटेकोर नव्हता. १९४३च्या फेब्रुवारीपासून जर्मनांनी गडद पिवळा हा मूळ रंग ठरवला, आणि त्यावर मारायचे इतर रंग सैनिकांना डब्यातून पेस्टच्या रूपात दिले. त्यात पेट्रोल घाला नाही तर पाणी, जे हाताशी असेल ते. जितके डबे, तितक्या छटा.

ब्रिटिशांच्या ताब्यातलं लिबियातलं टोब्रुक याच्याही पुढे गेलं. तिथे रंगाचा तुटवडा, तेव्हा कॅमफ्लाजच्या, म्हणजे तोफा-रणगाडे नजरेआड करणाऱ्या, माणसांनी खराब झालेलं पीठ आणि वूस्टर सॉससुद्धा रंगकामात वापरला. तेव्हा तुमची छटा अर्धा टक्का चुकली, तर रडू नका. कदाचित त्या दिवशी सॉस जास्त पडला असेल.

आणखी एक गंमत. खरा रंग जसाच्या तसा मॉडेलवर मारला, तर तो जास्तच गडद दिसतो. आपण मॉडेल हातभर अंतरावरून पाहतो, म्हणजे त्याच्या मापात दहा मीटरहून दूर उभे असतो, आणि अंतरावरून रंग फिके दिसतात. म्हणून अनुभवी लोक मूळ रंगात थोडा पांढरा किंवा पिवळसर रंग मिसळतात.

एकास एक मापाची मॉडेलं

जगातली सगळ्यांत महत्त्वाची तोफांची मॉडेलं कुठल्याही प्रदर्शनात नव्हती. ती १९४२ साली इजिप्तच्या वाळवंटात होती.

जर्मनांविरुद्धच्या अल अलामीनच्या लढाईची ब्रिटिशांची तयारी चालू होती. सपाट वाळवंटात शेकडो तोफा लपवणार कुठे? चित्रपट दिग्दर्शक जेफ्री बार्कास यांच्या हाताखालच्या कॅमफ्लाज विभागाने डोकं लढवलं. या मोहिमेचं नाव ऑपरेशन बर्ट्रम. २५ पौंडी तोफ आणि तिच्यामागचा दारूगोळ्याचा गाडा यांच्यावर कापडाचा सांगाडा चढवून त्यांचा साधा लष्करी ट्रक केला. या सोंगाला सांकेतिक नाव दिलं ‘कॅनिबल’, नरभक्षक, जणू ट्रकने तोफ गिळलेली! रणगाड्यांनाही अशीच ट्रकची टोपडी घातली.

दक्षिणेकडे खोट्या तोफा मांडल्या होत्या. त्यांच्याभोवती माणसांची ये-जा मुद्दाम ठेवली नाही, म्हणजे शत्रूला कळावं की ही बुजगावणी आहेत. शत्रूला कळलं, तो निर्धास्त झाला. मग गुपचूप त्या जागी खऱ्या तोफा आणून ठेवल्या.

२३ ऑक्टोबर १९४२च्या रात्री साडेआठशेहून अधिक तोफा एकदम कडाडल्या. नोव्हेंबरमध्ये चर्चिल यांनी ब्रिटिश संसदेत या सोंगाढोंगाचं कौतुक केलं. या कामात चित्रकार होते, व्यंगचित्रकार होते. कापड, काठ्या आणि रंग घेऊन ‘हे खरं दिसतंय का?’ असं एकमेकांना विचारणारी माणसं. आम्ही घरात वेगळं काय करतो? फक्त आमच्यावर कुणी विमानातून नजर ठेवत नाही.

पावसाळ्यात तोफेला पांढरे केस

जुलै महिना आणि लॅकर रंग यांचं जमत नाही. लॅकर वाळताना त्यातलं विद्रावक भराभर उडतं, पृष्ठभाग गार होतो आणि हवेतलं बाष्प त्यावर जमतं. परिणाम, रंगावर दुधी साय. मुंबई-कोकणच्या हवेत तर हे हमखास. मी रंगकाम बंद करून जोडकामाचा मोसम धरतो. पेरणी कधी, कापणी कधी, हे शेतकऱ्यालाच कळावं असं थोडंच आहे.

हेअरस्प्रेचा चमत्कार

रंगाचा पोपडा उडालेला दाखवायचा, तर पोपडा रंगवण्याऐवजी खरंच उडवायचा. कृती अशी. आधी संपूर्ण भागाला गंजाचा तपकिरी रंग. तो वाळला की त्यावर हेअरस्प्रे, साधा, केसांचा. त्यावर ॲक्रेलिकचा वाळूचा रंग. थोडं थांबायचं, मग ब्रश कोमट पाण्यात बुडवून कडेवर हलकेच ठोकायचा.

पहिलं मिनिटभर काही होत नाही. मग पाणी वरच्या थरातून खाली झिरपतं, हेअरस्प्रे विरघळतो, आणि वरचा रंग कागदासारखा सुटायला लागतो. आधी टाचणीच्या टोकाएवढा ठिपका, मग त्याला फुटलेली शेपटी, मग तांदळाच्या कणीएवढी खपली. इथे हात आवरणं म्हणजे खरी कसोटी. आणखी एकदा ठोकू, आणखी एकदाच, असं करता करता युद्धातून परतलेली तोफ समुद्राच्या तळातून काढल्यासारखी होते. बायको एकदा मागून म्हणाली, “स्प्रे संपलाय. लग्नाला मी काय लावून जाऊ?” वेदरिंगमध्ये हाही एक थर असतो.

मिठाचीही एक युक्ती आहे. ओल्या पृष्ठभागावर मीठ चिकटवायचं, वरून रंग मारायचा आणि वाळल्यावर मीठ झाडून टाकायचं. खालचा गंज डोकावतो. स्वयंपाकघरातून अजून तरी मीठ मागितलं की मिळतं.

सुरकुतीतली काळजी

गडद रंग भरपूर पातळ करून रिव्हेटच्या बुडाशी एक थेंब टेकवला, की तो आपसूक खाचेभर पळतो. हा ‘वॉश’. थेंब धावतो तो केशाकर्षणाने, आपण फक्त वाट दाखवायची. नियम एकच: खालचा थर ॲक्रेलिकचा असेल तर वॉश तेलाचा किंवा इनॅमलचा. दोन्ही एकाच जातीचे घेतले, तर वॉश खालच्या रंगाला मिठी मारतो आणि सगळंच वाहून जातं.

गंज कुठे लावू नये

नवशिक्याची पहिली तोफ ओळखायची कशी? ती नखशिखांत गंजलेली असते. माझी होती.

जिच्यावर सहा माणसांचा जीव अवलंबून, तिची नळी कुणी गंजू देईल का? आतून ती तेलाने पुसलेली, ब्रीचचे, म्हणजे नळीच्या मागच्या झडपेचे, सरकते भाग चकचकीत. गंज येईल तो बेफिकिरीच्या जागी: मागचा दांडा जमिनीत रुततो तिथे, आकड्यापाशी, खाली अडकवलेल्या गोल चौथऱ्यावर. हा चौथरा म्हणजे या तोफेची खासियत. तो जमिनीवर टाकायचा, त्यावर चाकं चढवायची, की एकटा माणूससुद्धा दांडा धरून तोफ चारी दिशांना फिरवू शकतो. म्हणजे चौथऱ्याच्या कडेला चाकाच्या घासण्याच्या खुणा हव्यात.

आता जरा हात कुठे लागतो ते बघा. नेम धरणारा डाव्या बाजूला बसतो. त्याच्या बैठकीचा रंग मधोमध उडालेला, हातचाकाची मूठ तर आरशासारखी. ढालीच्या वरच्या कडेला हात टेकवून माणसं उभी राहत, तिथे रंग गुळगुळीत. बुटाने पाय ठेवायच्या जागी पत्रा उघडा. अशा ठिकाणी मी ब्रश वापरतच नाही. साधी पेन्सिल घेतो, ६बी, आणि बोटाने घासतो. ग्रॅफाइटला पोलादाची झळाळी येते.

वेदरिंगचं सगळं शास्त्र माझ्या मते एवढ्यात मावतं. वस्तू नुसत्या वयाने जुनी होत नाही, माणसांच्या हातांनी होते. जिथे हात पोचतो तिथे चकाकी, जिथे पोचत नाही तिथे धूळ. देवळाची पायरी आठवा, किंवा आजीच्या पाट्या-वरवंट्याचा मधला खोलगट भाग.

वाळवंट वेगळं, ब्रह्मदेश वेगळा

तीच तोफ, पण हवा बदलली की सोंग बदलतं. वाळवंटात वाळू रंगाला पॉलिश पेपरसारखी घासते. कडा उघड्या पडतात, पण हवा कोरडी, गंज कमी. चाकाच्या आसाभोवती तेल ओघळलं असेल तिथे वाळू चिकटून काळपट ओले डाग. ब्रह्मदेशात उलट. चिखल, पाऊस, शेवाळी हिरवट झाक आणि झरझर चढणारा गंज. ताजा गंज नारिंगी, जुना गडद तपकिरी. दोन्ही शेजारी हवेत, नाहीतर तोफेवर हळद सांडल्यासारखं वाटतं.

पहार, हत्यार म्हणून

किटच्या चौकटीत कडेला दोन-चार काड्यांसारखे भाग असतात: गोळा दाबायचा दांडा, तोफ हलवायच्या पहारी. कंटाळून आपण ते शेवटी लावतो. मी आता आधी लावतो, कारण हवालदार उमराव सिंग.

१५ डिसेंबर १९४४ची रात्र, ब्रह्मदेशातलं कलादान खोरं. उमराव सिंग यांच्याकडे ३.७ इंची पहाडी तोफ होती. ही तोफ सुटी होऊन आठ खेचरांच्या पाठीवर जाई. जपान्यांनी एकामागून एक हल्ले केले, दारूगोळा संपत आला, तेव्हा या माणसाने तोफ उचलायची लोखंडी पहार उचलली आणि हातघाईची लढाई केली. काही तासांनी मदत आली तेव्हा ते तोफेजवळ बेशुद्ध सापडले, अंगावर अनेक जखमा, भोवती दहा शत्रूसैनिक मरून पडलेले. तोफ त्याच दिवशी पुन्हा चालू झाली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

पस्तिसाव्या हिश्शात पहार तीन-साडेतीन सेंटिमीटरची होते. आगपेटीच्या काडीहून लहान. रंगवताना मात्र हात जरा जपूनच चालतो.

देवळाली आणि डोकं फिरणं

नाशिकजवळच्या देवळालीत लष्कराचं स्कूल ऑफ आर्टिलरी आहे, हे पुष्कळांना ठाऊक असतं. देवळालीने इंग्रजी भाषेला एक शब्द दिलाय, हे थोड्यांना. ब्रिटिश सैनिक मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत तिथल्या छावणीत दिवसेंदिवस पडून राहत. करायला काम नाही, वर ऊन आणि ताप. डोकं फिरलं की सोबती म्हणत, याला ‘डूलॅली टॅप’ झाला. डूलॅली म्हणजे देवळाली, आणि टॅप म्हणजे आपला ताप. इंग्रज आजही चक्रम माणसाला डूलॅली म्हणतात. रात्री दीड वाजता भिंगातून टायरवर चिखल लावणाऱ्याला काय म्हणावं, हा प्रश्न यामुळे सुटला.

आपला डायोरामा

तोफेखाली जमीन, बाजूला माणसं, झाडं, असा देखावा मांडला की त्याला ‘डायोरामा’ म्हणतात. शब्द परका, पण वस्तू आपल्या ओळखीची. दिवाळीत अंगणात किल्ला करणारी सगळी पोरं डायोरामावालीच. पोत्यावर मातीचा लेप, अळीव पेरून उगवलेलं गवत, बुरुजावर तोफ आणि पायथ्याशी भाजीवाली. आणि बुरुजापेक्षा उंच मावळा. मापाचा पुरता फज्जा, पण कुणाची तक्रार नसे.

मोठेपणी मात्र माप आडवं येतं. देखाव्यात खरी वाळू पसरली, तर अर्ध्या मिलिमीटरचा कण तिथे पावणेदोन सेंटिमीटरचा खडा होतो. सगळं वाळवंट खडीचं होऊन बसतं. म्हणून वाळूच्या जागी पिगमेंट, म्हणजे पिठापेक्षा बारीक रंगाची पूड. वाळवलेली चहापत्ती पाचोळा म्हणून चालते, टिश्यू पेपर पातळ फेव्हिकॉलमध्ये भिजवून ताडपत्री होते.

आणि शेवटचा हात

माझी तोफ गेल्या महिन्यात पूर्ण झाली. शेवटच्या दोन संध्याकाळी फक्त धुळीत गेल्या. तीन छटांची पूड, मऊ ब्रशने, श्वास रोखून. व्हार्निशने ती पक्की करायची होती, पण म्हटलं उद्या.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो. कामाला येणाऱ्या मावशी जाता जाता दारात थांबल्या. “दादा, तुमच्या त्या तोफेवर केवढी धूळ बसली होती! ओल्या फडक्याने पुसून टाकली.”

आवंढा गिळून टेबलाशी गेलो. दिवा लावला, भिंग काढलं. ढालीची वरची कड लख्ख. नळीची पाठ लख्ख. बैठकीच्या मधोमध धुळीचा कणही नाही. पण रिव्हेटच्या बुडाशी, ढालीच्या आतल्या कोपऱ्यात, चाकांच्या मागच्या बाजूला, जिथे फडकं पोचलं नव्हतं तिथे पूड तशीच, उलट ओलाव्याने घट्ट बसलेली. हात पोचला तिथे चकाकी, नाही पोचला तिथे धूळ.

मी दोन महिने जे रंगवायचा प्रयत्न करत होतो, ते मावशींनी दोन फटकाऱ्यांत केलं होतं. व्हार्निशची बाटली उघडली आणि आहे तसंच पक्कं करून टाकलं.